शस्त्रवैद्य आणि आरोग्यमंत्री : डॉ. गिल्डर

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आज जी दारूबंदी लागू आहे, तिचा पूर्वेतिहास मुंबईच्या एका डॉक्टरशी निगडित आहे. १९६० पर्यंत सुरत जिल्हा मुंबई राज्यातच होता.

डॉ. मंचेरशा गिल्डर हे इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो; पुढे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचा लौकिक झाला. १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी ही खाती त्यांच्याकडे आली. एका खात्याने रोग निवारावा आणि दुसऱ्याने मद्यावरील कर गोळा करावा, अशी ही विलक्षण जोडी! गिल्डरांनी उत्पन्नावर पाणी सोडले. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जारी झाली, आणि तूट भरून काढण्यासाठी शहरी मालमत्तेवर कर बसविण्यात आला. मद्याच्या व्यापारात पारशी समाज मोठ्या प्रमाणावर होता. त्यामुळे स्वतः पारशी असलेल्या या मंत्र्यास स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला. तथापि ते डगमगले नाहीत.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गिल्डरांना त्यांच्या शुश्रूषेसाठी तेथे आणण्यात आले. १९४६ साली आरोग्य खाते पुन्हा त्यांच्याकडे आले. त्याच राजवटीत, १९४९ साली, मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला. राज्यविभाजनानंतर गुजरातेने तो कायम ठेवला.