गिअर म्हणजे गुणोत्तर

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मघापासून सगळे एकच विचारताहेत, "तू कॉम्प्युटरवाली, गाडी कसली बांधतेस?" तर तेच सांगते. पुण्यात आम्ही चौघं सुट्टीच्या दिवशी दोन सीटची एक गाडी तयार करतोय. तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या अलीकडे आहे. वजन मधोमध आलं की गाडी वळणावर चपळ राहते.

इंजिन मिळणं सोपं. खरा घोळ गिअरबॉक्सचा. पैसे आमच्या पगारातले, आणि निवड चुकली तर चेसिस पुन्हा कापावी लागणार.

तीन वाटा होत्या. पहिली, बोलेरोसारख्या गाडीचा उभा गिअरबॉक्स. त्याच्यामागे शाफ्ट आणि वेगळं डिफरन्शियल लागतं. सीटमागे तेवढी जागाच नाही. दुसरी, परदेशी ट्रान्सॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत. वस्तू उत्तम, पण महाग. शिवाय आपल्या इंजिनशी जुळवायला मधे खास प्लेट घडवावी लागते. होटगीकरांना हे समजावायला नको. आपल्या जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज आणि मीटरगेज भेटत, १६७६ आणि १००० मिलिमीटर. एकीचा डबा दुसरीवर चालत नसे. सांधा आला की खर्च आला.

तिसरी वाट रस्त्यावरच उभी होती. साध्या हॅचबॅकमध्ये आडवं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्रच असतात. तो अख्खा संच उचलून सीटमागे ठेवायचा. टाटांनी मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाला दाखवलेल्या रेसमोतही १.२ लिटरचं टर्बो इंजिन सीटमागेच होतं, सहा गिअरच्या एएमटीसह. ती गाडी बाजारात आली नाही.

आम्ही हाच मार्ग धरला, पण साधा मॅन्युअल गिअरबॉक्स घेतला. एएमटीला स्वतःचा कॉम्प्युटर लागतो. आठवडाभर मी सॉफ्टवेअरच दुरुस्त करते. रविवारी तरी नको! गिअर बदलायला सळईऐवजी केबल असलेला बॉक्स पाहिला, कारण केबल वळवून नेता येते. संचाचं तोंड मात्र होतं तसंच ठेवलं. उलट फिरवून बसवला असता तर पाच गिअर रिव्हर्सचे आणि पुढे जायला एकच!

आता मुलांनो, गणित. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि डिफरन्शियलचं ४. गुणाकार १४. म्हणजे इंजिनाचे १४ फेरे, तेव्हा चाकाचा एक. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतंय आणि चाकाचा परीघ १.८ मीटर आहे, तर वेग ताशी सुमारे ४६ किलोमीटर. पाचव्याचं गुणोत्तर ०.८ धरा, वेग २०० च्या पुढे जातो, अर्थात कागदावर. हवा कुणाला सोडत नाही.

आणि एक बजावते. ही गाडी रस्त्यावर येणार नाही, बंदिस्त ट्रॅकवरच धावेल. मूळ रचना अशी बदललेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरं असतात. इंजिन बदलून मोटारसायकल पळवायचे बेत करणाऱ्यांनीही हे ऐकावं.

गुणोत्तर-प्रमाण मी याच शाळेत शिकले. म्हणून एक जुना, कापून उघडा केलेला गिअरबॉक्स प्रयोगशाळेसाठी आणलाय. हात काळे होतील, होऊ द्या. दाते मोजा, भागाकार करा आणि कोणता गिअर कितीचा, ते फळ्यावर लिहून ठेवा.