परत जायचे कुठे? लोनवरच्या फुटबॉलपटूची गोष्ट

(लातूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर पाणी, सोयाबीनचा भाव, संतसाहित्य, स्पर्धा परीक्षा असे विषय होतात. मी फुटबॉल घेऊन आलो आहे. तोही मेस्सी-रोनाल्डोचा नाही. ज्याचा करार एका क्लबशी असतो आणि जो खेळतो मात्र दुसऱ्याच क्लबकडून, अशा लोनवरच्या खेळाडूबद्दल मला बोलायचे आहे. नांदेडहून काही प्रशिक्षक मुद्दाम आले आहेत असे कळले. शेवटचा भाग विशेषतः त्यांच्यासाठी आहे, तेव्हा त्यांनी मध्येच बस पकडू नये.

फेदेरिको माकेदा हे नाव आपल्यापैकी थोड्यांनी ऐकले असेल. रोमचा मुलगा, लाझिओच्या युवा संघात घडलेला, कोवळ्या वयात मँचेस्टर युनायटेडने उचललेला. ५ एप्रिल २००९ रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्ध तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरला. युनायटेडकडून हा त्याचा पहिलाच सामना, वय सतरा. २-२ अशी बरोबरी होती आणि भरपाईचा वेळ सुरू होता. पाठीमागे असलेल्या बचावपटूला चकवत तो गर्रकन वळला आणि चेंडू जाळ्यात. युनायटेडने त्या वर्षी लीग जिंकली, आणि पोराचे नाव जगभर झाले.

मग सुरू झाली लोनची यात्रा. जानेवारी २०११ मध्ये इटलीतला साम्पदोरिया, आणि तो क्लब त्याच मोसमात खालच्या श्रेणीत घसरला. २०१२ मध्ये लंडनचा क्वीन्स पार्क रेंजर्स. २०१३ मध्ये जर्मनीतला स्टुटगार्ट, मग डॉनकास्टर, मग बर्मिंगहॅम. पाच क्लब, तीन देश, आणि करार तोच मँचेस्टरचा. २०१४ मध्ये युनायटेडने त्याला मोकळे केले. पुढे कार्डिफ, नोवारा असे करत तो अथेन्सच्या पानाथिनाइकोसला जाऊन स्थिरावला. ‘वाया गेलेला’ असा शिक्का त्याच्यावर मारणे सोपे आहे. मला तो शिक्का मान्य नाही. जो दर सहा-आठ महिन्यांनी नवे शहर, नवा प्रशिक्षक, नवी खोली आणि नवे सोबती घेऊन जगतो आणि तरी तिशीनंतरही व्यावसायिक फुटबॉल खेळत राहतो, त्याला अपयशी कसे म्हणावे?

लोनचा व्यवहार तसा सरळ आहे. मूळ क्लबाचा करार कायम राहतो. घेणारा क्लब ठरावीक काळासाठी खेळाडू नेतो, कधी त्याचे शुल्क देतो, पगाराचा काही भाग उचलतो, कधी संपूर्ण पगार उचलतो. शेवटी विकत घेण्याचा हक्क ठेवता येतो किंवा तशी सक्तीही लिहिता येते. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत सावड करतात. एकाची बैलजोडी दुसऱ्याच्या रानात जाते, त्या दिवसाची वैरण ज्याचे काम तो घालतो, आणि संध्याकाळी जोडी आपल्या गोठ्यात परत येते. लोन चांगला चालतो तेव्हा असाच चालतो. हॅरी केन टॉटनहॅमचा असताना लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार ठिकाणी लोनवर राहून आला. डेव्हिड बेकहॅमला १९९५ साली प्रेस्टनला पाठवले होते. दोघेही परत आले, कारण परत यायला जागा होती.

इटलीने हा व्यवहार इतका ताणला की त्याची गंमत होऊन बसली. तिथे एकाच खेळाडूवर दोन क्लबांची अर्धी-अर्धी मालकी असायची. मोसम संपला आणि आपसांत ठरले नाही, की दोन्ही क्लब बंद पाकिटात बोली लावून खेळाडू कोणाचा ते ठरवायचे. ही पद्धत २०१४ साली बंद झाली. पार्मा क्लब २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा त्याच्याशी करार असलेल्या खेळाडूंचा आकडा काही काळापूर्वी दोनशेच्या वर गेलेला होता हे लोकांना कळले. यातले बहुतेक कुठे ना कुठे लोनवर. पार्माच्या जर्सीत ते कधी दिसलेच नाहीत. शेवटी फिफाला नियम करावा लागला. १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आली. आधी आठ खेळाडू, मग सात, आणि २०२४-२५ पासून सहा. बाहेर पाठवायलाही आणि बाहेरून घ्यायलाही. लोन एका वर्षापुरता, आणि लोनवर आलेल्या खेळाडूला पुढे तिसऱ्याकडे लोनवर द्यायचे नाही. क्लबने स्वतः घडवलेल्या एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना या मोजणीतून सूट आहे.

आता आपल्या घरी येऊ. २०१४ साली इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली. आठ संघ, ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जेमतेम अडीच महिन्यांची स्पर्धा. तेव्हा देशाची अधिकृत लीग होती आय-लीग, आणि भारतीय खेळाडू होते आय-लीगच्या क्लबांकडे. मग नव्या संघांनी खेळाडू आणले कुठून? बहुतेक लोनवर. बंगळुरू एफसीने पहिल्या वर्षी आपली माणसे दिली नाहीत. बाकीच्यांनी दिली. एका वर्षात दोन क्लब, दोन शहरे आणि दोन प्रशिक्षक हे भारतीय फुटबॉलपटूचे कॅलेंडरच झाले. त्या वर्षी आपल्या पुण्याच्या संघात इटालियन प्रशिक्षक फ्रांको कोलोंबा होते आणि फिओरेंतिना हा इटालियन क्लब पुण्याच्या संघाचा भागीदार होता. दिल्लीकडून देल पिएरो खेळला, चेन्नईकडून मातेराझ्झी. इटलीतून नावे आली, आणि इटलीची लोनची सवयही आली.

या काळातला आपला माणूस म्हणजे राहुल भेके. मुंबईचा, जन्म १९९०, बचावपटू. मुंबई एफसीतून तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालला गेला. करार ईस्ट बंगालचा; २०१५ मध्ये लोनवर केरळ ब्लास्टर्सला, २०१६ मध्ये लोनवर पुण्याला. २०१५ मध्ये केरळचा संघ तक्त्यात तळाला होता. बचावपटूचे दुखणे फॉरवर्डपेक्षा वेगळे असते. फॉरवर्डला एक गोल केला की नव्या गावात ओळख मिळते. बचावपटूला शेजारचा सेंटरबॅक कधी पुढे सरकतो, गोलकीपर कधी ओरडतो, हे अंगात मुरायला महिने लागतात, आणि मुरेपर्यंत स्पर्धा संपते. त्याचा हिशोब आकड्यांत दिसत नाही, म्हणून त्याची दखलही कोणी घेत नाही.

२०१७ पासून दोन्ही लीग एकाच वेळी होऊ लागल्या आणि हा अडीच महिन्यांचा लोन संपला. भेके बंगळुरूला गेला आणि तिथे चार मोसम राहिला. एकाच बचावफळीत सलग चार मोसम! फळ बघा. १७ मार्च २०१९, अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना, समोर गोवा, जादा वेळेतले ११७ वे मिनिट, कोपऱ्यावरून आलेला चेंडू आणि भेकेचे हेडर. बंगळुरू १-० ने विजेता. त्याच वर्षी जूनमध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो भारताकडून पहिला सामना खेळला. अठ्ठाविसाव्या! मग मुंबई सिटी. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबईचा दुसरा, निर्णायक गोल त्याचाच. भारतीय क्लबाने त्या स्पर्धेत जिंकलेला हा पहिला सामना. २०२४ च्या नोव्हेंबरात मलेशियाविरुद्ध भारताला बरोबरी मिळवून देणारा गोलही त्याचाच. या माणसाला चोविसाव्या वर्षी सलग दोन मोसम एका जागी मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला छळतो.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. ज्या क्लबांतून ही मुले येत होती, त्या महाराष्ट्रातल्या क्लबांचे काय झाले? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद. भारत एफसी एकाच मोसमात बंद. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद. आणि फुटबॉलचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या गोव्याचे धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीचा परवाना २०१९ मध्ये हैदराबादला गेला. त्या हैदराबादने २०२२ मध्ये आयएसएल जिंकली, संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, जो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता. पुढे पैसा आटला आणि २०२५ मध्ये तोच क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. खेळाडू लोनवर जातो हे समजू शकते. इथे क्लबच सामान बांधून गाव सोडतो. माकेदाला परत जायला मँचेस्टर तरी होते.

हैदराबादचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपला लातूर आणि नांदेडचा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आणि ते राज्य म्हणजे तेव्हाच्या भारतीय फुटबॉलचे एक मोठे घर. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक. आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो त्याच नोव्हेंबरात मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले आणि रहीमसाहेबांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. मराठवाड्याने मराठी राज्यात यायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत नाही. पण फुटबॉलच्या नकाशावर आपण एका भरल्या घरातून निघालो आणि नव्या घरात आपल्याला कोणी खोली दिली नाही, असे माझे मत आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी पेठेच्या अभिमानावर संघ चालवतात, शाहू स्टेडियम भरते. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, बाहेरचे नामांकित संघ येतात. म्हणजे आपल्या माणसांना खेळ बघायची हौस नाही असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम केला. तो दिवस चांगला झाला. मला विचाराल तर दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रकही त्याच पत्रकात छापायला हवे होते.

आता नांदेडकरांसाठी राखून ठेवलेला भाग. फिफाचा एक नियम आहे. करारातला खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पहिल्या चार वर्षांसाठी वर्षाला पाव टक्का, पुढे अर्धा टक्का. लोनच्या शुल्कालाही हे लागू आहे. एक कोटीच्या व्यवहारात बारा ते पंधरा या वयात मुलाला घडवणाऱ्या छोट्या क्लबाचा वाटा एक लाख होतो. एक लाखात तालुक्याच्या क्लबाचे वर्षभराचे चेंडू, जाळी आणि प्रवासखर्च निघू शकतो. पण त्यासाठी तो मुलगा त्या वयात त्या क्लबाकडे नोंदलेला असल्याचा पुरावा लागतो. नोंद नसेल तर दावा नाही.

म्हणून इथल्या क्लबचालकांना, क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. जिल्हा संघटनेमार्फत क्लबाची रीतसर संलग्नता घ्या आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत आपल्या बारा वर्षांच्या मुलांची नावे याच मोसमात घाला. लातूर आणि नांदेड मिळून वर्षभर चालणारी एक साधी लीग काढा, बक्षिसाच्या रकमेपेक्षा सामन्यांची संख्या मोठी ठेवा. आणि पालकांनो, उद्या पुण्या-मुंबईचा कोणी एजंट तुमच्या मुलासाठी करार घेऊन आला, तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: लोनवर पाठवले तर पगार कोण देणार, आणि लोन संपल्यावर मुलगा कोणाकडे परत जाणार. दोन्ही उत्तरे कागदावर लिहून घ्या.