परभणीच्या उन्हांतील द्राक्षमद्य

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. ज्वारी, कापूस आणि सोयाबीन ह्यांच्या ह्या जिल्ह्यांत कोणी लहानशी द्राक्षमद्यशाळा, म्हणजे आजच्या बोलींत ‘वाइनरी’, काढण्याचें मनांत आणलें, तर गांव त्याला पहिल्याच दिवशीं हीच म्हण ऐकवील. ऐकवो बापडें! परंतु थट्टा बाजूला ठेवून ह्या कल्पनेचा विचार करण्यासारखा आहे.

द्राक्ष ह्या प्रांताला परकें नव्हे. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हां तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें त्यानें नमूद केलें. द्राक्षाचा रस आंबवून ठेवणें हेंही नवीन नाहीं. पुष्कळ घरांच्या फडताळांत द्राक्षासवाची बाटली असते. वैद्य त्यांत धायटीचीं फुलें घालतो, भांड्याचें तोंड बंद करतो, आणि पुढील काम निसर्ग करतो. साखरेचें मद्य होण्याची क्रिया दोन्हींकडे एकच. भेद एवढाच कीं, आसव चमच्यानें घेतात आणि वाईन पेल्यानें.

जमिनीची गोष्ट मात्र अवघड. गोदावरी व दुधना ह्यांच्या कांठची काळी कपाशीला आईसारखी. पण ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यांत हातभर भेगाळते, आणि वेलीच्या मुळांना दोन्ही गोष्टी मानवत नाहींत. म्हणून बाग लावावयाची तर जिंतूरकडील मुरमाड उतारावर, जेथें पाणी थांबत नाहीं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे. परभणीचें पठार त्याहून बरेंच खालीं, आणि उन्हाळ्यांत येथें पारा ४२ अंशांच्या पलीकडे सहज जातो. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चांत काढणी, असें वेलीचें वर्ष. काढणीच्या वेळीं ऊन तापूं लागलेलें असतें. म्हणून मजूर पहांटे कंदील घेऊन बागेंत उतरावे लागतात आणि नऊच्या आंत घड छपराखालीं यावे लागतात.

पुढचे दहा दिवस मालकाला झोप नाहीं. आंबणारा रस स्वतःच उष्णता निर्माण करतो. तांबड्या वाईनला २५ ते २८ अंश मानवतात. ३५ च्या वर किण्व दुबळें होतें, साखर अर्धवट राहते, आणि त्या अर्धवट रसांत शिर्क्याचे जंतु घर करतात. टाकींतून कर्बवायु निघतो; तो हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचतो, आणि रिकाम्या टाकींत हवा खेळविल्याशिवाय उतरणारा माणूस परत वर येईलच असें नाहीं. थंड पाणी फिरविणारें यंत्र विजेवर चालतें, आणि वीज शेतकऱ्याच्या सोयीनें येत नाहीं. एका रात्रीं ती सहा तास गेली आणि जनित्रानें दगा दिला, तर वर्षाचें पीक हातचें गेलें म्हणून समजावें. मोठ्या कारखान्यास अशी एक टाकी बिघडली तर तो दुसरींत निभावून नेतो. लहान घराला दुसरी टाकीच नसते.

आतां हिशेब. एक टन द्राक्षांचा सुमारें ६५० लिटर रस, म्हणजे साडेआठशे बाटल्यांच्या आसपास. चांगली वाईन हवी असेल तर वेलीवर माल कमी ठेवावा लागतो. एकरीं चार टन धरले तर साडेतीन हजार बाटल्या झाल्या. ऐकावयास हें गोड वाटतें. परंतु वेल लावल्यावर पहिलें खरें पीक तिसऱ्या वर्षीं, त्यानंतर तांबडी वाईन वर्षभर तरी मुरावयाची, मग बाटली, बूच, परवाना आणि दुकानदाराची उधारी. पहिला रुपया हातीं यावयास पांच वर्षें लागतात. इतके दिवस कोणता सावकार थांबतो?

ह्याहून मोठा धोका वेगळाच आहे. वाईनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें, बियांचें. तें खावयास कोणी घेत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, वाइनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, आणि शेतकऱ्यांनीं त्यांच्या भरवशावर बागा लावल्या. २००८-०९ च्या मंदींत मागणी आटली. नाशिक आणि सांगलीकडील कित्येकांचीं द्राक्षें उचललीं गेलीं नाहींत, आणि त्यांनीं आपल्याच हातांनीं वेली उपटून टाकल्या. दुसऱ्याची द्राक्षें घेणारा मद्यशाळेचा मालक दुसऱ्याच्या घरची चूलही हातीं घेत असतो. परभणीच्या माणसानें म्हणून आपल्या बांधाच्या आंत पिकेल तेवढ्याचीच वाईन करावी, शेजाऱ्यास वेल लावावयास सांगूं नये. पाहुण्यांच्या वर्दळीचाही भरंवसा त्यानें धरूं नये: नाशिकास मुंबई-पुण्याचीं माणसें सकाळीं येऊन संध्याकाळीं परततात, तर देवगिरी एक्स्प्रेसनें परभणी हा रात्रभराचा प्रवास.

शेवटचा प्रश्न घरचाच. गंगाखेड ही संत जनाबाईची भूमि. जिल्ह्यांत गळ्यांत तुळशीची माळ नाहीं असें गांव विरळा. माळकरी गडी ज्वारीच्या राशीवर आनंदानें राबेल, टाकीजवळ येणार नाहीं, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचें ठरविलें, तेव्हां ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असें पुष्कळांनीं म्हटलें. विरोध झाला आणि तो बेत बाजूस पडला. वाईनमध्यें शेंकडा १२-१३ मद्यार्क असतो. तिचा परवानाही १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखालींच मिळतो. मालकानें हें आपल्या आईला आणि गड्याला सरळ सांगावें. दारावरच्या पाटीवर नुसतें ‘फळप्रक्रिया’ लिहून कोणी फसत नाहीं, आणि आई तर मुळींच नाहीं.

मार्च सरला कीं टाक्या धुतल्या जातात, चोथा शेतांत खतास जातो. जिंतूरच्या उतारावर मग पुन्हां खरड छाटणीच्या कात्र्या निघतात, आणि येलदरीच्या बाजूनें येणारा वारा तोंवर तापलेला असतो.