वसमतची पाटी अन् लग्नाची पत्रिका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वसुली, व्याज, बँकेची फाईल यातलं काहीच बोलणार नाही. आज लेकरांच्या वाचनाबद्दल बोलायचंय. सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

मागच्या पावसाळ्यात सेनगाव तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. एक ताई कौतुकानं चौथीतल्या लेकाला घेऊन आल्या. "मॅडम, याचं वाचन ऐका." पोरानं धडा एका दमात म्हणून दाखवला. मला शंका आली. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं अन् विचारलं, "हा कोणता?" पोरगं गप्प. दुसरा शब्द, तरी गप्प. सगळा धडा त्याला पाठ होता! बाया बघत होत्या. आईचा चेहरा उतरला अन् पोरगं उठून पळालं. पुढच्या दोन बैठकांना मी आले की ते घराबाहेर. समाजकार्याची पदवी घेतलीय मी, पण लेकराला चारचौघांत उघडं पाडू नये, एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी सुचली नाही.

असं ते एकटंच नाही. २०२४ च्या 'असर' अहवालात देशभरातल्या खेड्यांतली पाचवीची निम्म्याहून थोडी जास्त लेकरं दुसरीच्या पुस्तकातला मजकूर नीट वाचू शकली नव्हती. त्यात आपल्याकडची किती घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तुम्हाला माहीतच आहे. लेकराची शाळा मधेच सुटते अन् वाचन तिथंच अडकतं.

यावर बहुतेक ताई म्हणतात, "आम्ही अंगठाबहाद्दर, आम्ही काय शिकवणार?" मीही आधी असंच समजत होते. माझा समज त्याच पोराच्या आईनं मोडला.

तिसऱ्या वेळी मी गेले तेव्हा ताई चुलीपुढं भाकरी थापत होत्या अन् पोरगं उंबऱ्यात बसून लग्नाची पत्रिका वाचत होतं. ताईंनी पत्र्याच्या पेटीतून जुन्या पत्रिकांचा गठ्ठाच काढला होता. "कोणाचं लगीन हाय? हळद कधी? मामा कोण कोण लिहिलेत?" पोरगं एकेक अक्षर जुळवत होतं. मामाचं नाव चुकलं की ताई लगेच म्हणायच्या, "असा मामा नाही आपल्यात, परत बघ." त्यांना वाचता येत नाही, पण पाव्हणे तर सगळे पाठ आहेत! चूक त्यांना बरोब्बर कळत होती. मग पोरगं 'चि. सौ. कां.' वर अडलं. हे काय असतं म्हणून मायलेकरं खूप हसले. शेवटी मलाच विचारलं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे नवरी. तेवढं सांगितलं अन् पोरगं त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा बोललं.

तर ताईंनो, तुमचं काम शिकवायचं नाही, ऐकायचं आहे. भाकरी होईस्तोवर दहा-पंधरा मिनिटं ऐका. अडलं तर लगेच ओरडू नका, मनात पाचपर्यंत मोजा. तरीही जमलं नाही तर त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा अन् पुढं जाऊ द्या. तो शब्द शाळेत गुरुजींना नाहीतर मोठ्या बहिणीला विचारता येतो. पाठ म्हणतंय का वाचतंय, हे बघायचं असेल तर धडा खालच्या ओळीकडून वर वाचायला सांगा. पण घरात, एकट्यात, खेळ म्हणून. माझ्यासारखं करू नका.

दुसरा खेळ एसटीचा. बाजाराला जाताना फाट्यावर उभं राहावं लागतंच. 'वसमत' बघा, ना काना ना मात्रा; पहिलीचं लेकरूसुद्धा वाचतं. मग 'कळमनुरी'. पहिली तीन अक्षरं सोपी, पुढं उकार अन् वेलांटी. मग 'सेनगाव', 'हिंगोली'. 'औंढा नागनाथ' जमलं की लेकरू पुढच्या पायरीवर गेलं समजा. 'नर्सी नामदेव' मधला रफार सगळ्यात शेवटी. आपल्या जिल्ह्यानं वाचनाची शिडीच लावून ठेवलीय. गाडी आली की आधी पाटी लेकरानं वाचायची, मगच चढायचं. (गाडी सुटेल इतका वेळ नाही हं!)

लहानग्यांसाठी परातीत पीठ पसरा, बोटानं अक्षर काढा, पुसा, परत काढा. भाकरीचं काम तसंही चाललेलंच असतं.

आता मला सगळ्यात आवडणारं. जात्यावरच्या ओव्या तुमच्यातल्या किती जणींना येतात? बघा, किती हात वर आले! हेमा राईरकर अन् गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमची ओवी तुम्ही म्हणा, सातवी-आठवीतल्या मुलीला वहीत लिहू द्या अन् धाकट्याला ती वाचायला लावा. ओवी तुमचीच, त्यामुळं एक शब्द जरी इकडचा तिकडं झाला तरी तुम्हाला कळणार. अशी वही ऊसतोडीच्या बिऱ्हाडातसुद्धा नेता येते. तिला ना रेंज लागते ना वीज.

ज्यांच्याकडं मोबाईल आहे त्यांनी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बघा. १९७१ पासून निघतंय ते, अन् जुने अंक मोबाईलवर फुकट आहेत. मागच्या वर्षीची पुस्तकं रद्दीत घालू नका, धाकट्याला लागतात.

एक सूचना मात्र कडक. वाचायला काही नाही म्हणून गटाचं कर्जाचं रजिस्टर लेकराच्या हातात देऊ नका. एका ठिकाणी असं झालं अन् कोणाकडं किती थकलंय ते दुसऱ्या दिवशी हापशावर सगळ्यांना माहीत. स्वतःचं पासबुक वाचून घ्या, ते चालेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक जुनी पत्रिका पिशवीत टाकून आणा. आपण एकमेकींत अदलाबदल करू, म्हणजे लेकरांना नवे पाव्हणे वाचायला मिळतील. ज्यांच्या घरी यंदा लगीन आहे त्यांनी दोन आणा.