मोटारीचीं नवीं पायताणें

मोटारगाडी ही आतां आपल्या घरांतून केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. सातारा, कराड, सांगली, मिरज या गांवांतून ती नोकरीसाठीं, दवाखान्यासाठीं, लग्नकार्यासाठीं रोज धांवत असते. चारपांच वर्षांनीं तिचे टायर झिजतात. गॅरेजवाला "टायरचा पार गोटा झाला" असें सांगतो, आणि गृहस्थ दुकानांत जाऊन चार नवे टायर बसवून आणतो. मग पंधरा दिवसांच्या आंत तक्रार सुरू होते: "नवे टायर घातले आणि मायलेज उतरलें. शिवाय गाडी घोंघावूं लागली ती निराळीच!" ही तक्रार इतक्या जणांच्या तोंडून ऐकूं येते कीं, तिच्या मुळाशीं कांहीं तथ्य असलें पाहिजे. तें तथ्य किती, भ्रम किती, आणि या गडबडींत खरी महत्त्वाची गोष्ट कोणती विसरली जाते, याचा आज विचार करावयाचा आहे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हें. जन्मभर शाळेंत त्रैराशिक शिकवीत आलेला मास्तर आहें. परंतु या विषयाला त्रैराशिकापलीकडील गणित फारसें लागत नाहीं.

प्रथम, टायर पेट्रोल खातो म्हणजे काय तें पाहूं. रबरी चेंडू हातांतून खालीं सोडला तर तो उसळून पुन्हां हातापर्यंत येत नाहीं; थोडा खालींच राहतो. जी शक्ति परत आली नाहीं ती बहुतांशीं रबराच्या पोटांत उष्णता होऊन राहिली. टायरचेंही असेंच आहे. गाडीच्या भारानें त्याचा जमिनीस टेकलेला भाग चेपतो. चाक पुढें सरकलें कीं तो सुटतो व मागचा भाग येऊन चेपतो. एका मिनिटांत हें चेपणें आणि सुटणें शेंकडों वेळां चालतें, व प्रत्येक वेळीं थोडी शक्ति वायां जाते. लांबच्या प्रवासानंतर टायर गरम लागतो. त्यांतील बरीचशी उष्णता आपण पेट्रोलपंपावर पैसे मोजून विकत घेतलेली असते. या अडथळ्याला आपण घरंगळण्याचा विरोध म्हणूं. कृष्णाकांठच्या ऊसकऱ्याला हा विरोध पुस्तक न वाचतां ठाऊक आहे. लोखंडी धांवेची बैलगाडी मऊ वाटेंत रुतते. तोच भार रबरी टायरच्या गाडींत घातला तर त्याच बैलांना तो हलका जातो. तेथें शक्ति जमीन चेपण्यांत जाते, येथें रबर चेपण्यांत, एवढाच भेद. बैलाला जें खांद्यावर कळतें तें मोटारवाल्याला पेट्रोलच्या पावतीवर कळतें.

हा विरोध सर्व टायरांत सारखा नसतो. अमेरिकेंतील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००६ सालीं या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, घरंगळण्याचा विरोध शेंकडा १० नें कमी झाला तर इंधनाची शेंकडा १ ते २ बचत होते. तसेंच, कारखान्यांतून गाडीबरोबर येणाऱ्या टायरांचा विरोध बाजारांत बदली म्हणून मिळणाऱ्या टायरांपेक्षां सरासरीनें कमी असतो, हेंही त्यांत नमूद आहे. याचें कारण उघड आहे. गाडी बनविणाऱ्या कंपनीला आपल्या गाड्यांचा इंधनखर्च सरकारला दाखवावा लागतो. आपल्या देशांतही २०१७ सालापासून गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावर मर्यादा आली आहे. म्हणून ती कंपनी टायरवाल्याकडून हलके घरंगळणारे टायर मागून घेते. तुम्ही आम्ही दुकानांत गेलों म्हणजे मात्र दोनच प्रश्न विचारतों: किंमत काय, आणि चालेल किती? जें गिऱ्हाईक विचारतें तेंच दुकानदार पुरवितो. म्हणून मापानें अगदीं सारखा दिसणारा टायर गुणानें निराळा असूं शकतो.

आतां थोडा हिशेब. समजा, आपली गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालते व लिटरला १६ किलोमीटर देते. म्हणजे वर्षाला ६२५ लिटर पेट्रोल लागलें. नव्या टायरचा विरोध शेंकडा २० नें अधिक निघाला, तर खर्च शेंकडा २ ते ४ वाढेल. म्हणजे वर्षाकांठीं साडेबारा ते पंचवीस लिटर. ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नव्हे. परंतु "मायलेज निम्म्यावर आलें" म्हणून जो आक्रोश होतो त्याला ती पुरतही नाहीं. तशी घट आली असेल तर दोष टायरच्या बाहेर, ब्रेकमध्यें किंवा इंजिनांत शोधावा.

उतरलेल्या मायलेजपैकीं कांहीं भाग तर निव्वळ भासमान असतो. टायर नवा असतो तेव्हां त्याच्या नक्षीची खोली सुमारें ८ मिलिमीटर असते. आपल्या मोटार नियमांप्रमाणें मोटारीसाठीं ती १.६ मिलिमीटरपेक्षां कमी होतां कामा नये. म्हणजे टायर संपेपर्यंत चाकाची त्रिज्या ६.४ मिलिमीटरनें घटते. ३१० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला ही घट सुमारें शेंकडा २ पडली. गाडींतील कांटा अंतर मोजीत नाहीं, तो चाकाचे फेरे मोजतो. आणि लहान चाकाला त्याच वाटेंत अधिक फेरे घ्यावे लागतात. सातारा ते सांगली हें अंतर सुमारें १२० किलोमीटर धरूं. नव्या चाकावर कांटा १२० दाखवीत असेल, तर झिजलेल्या चाकावर तो १२२.४ दाखवील. दोन्ही वेळां पेट्रोल ८ लिटर लागलें असें मानलें, तर जुन्या टायरवर मायलेज १५.३ आणि नव्यावर १५ निघेल. पेट्रोलचा एक थेंबही अधिक जळला नाहीं, तरी वहींत घट लागली! त्यांत खरा भागही आहेच: नव्या टायरवर रबराचा थर जाड असल्यामुळें त्याचा विरोध झिजलेल्या टायरपेक्षां अधिक असतो, आणि थर पातळ होईल तसतसा तो उतरत जातो. म्हणून मरणोन्मुख टायरच्या शेवटच्या मायलेजशीं नव्या टायरच्या पहिल्या मायलेजची तुलना करणें न्यायाचें नव्हे. तुलना करावयाची तर नव्याची नव्याशींच करावी.

आवाजाच्या तक्रारीकडे वळूं. गाडीचा वेग ताशीं चाळीसपन्नास किलोमीटरच्या वर गेला कीं बहुतेक गाड्यांत इंजिनापेक्षां टायरचाच आवाज मोठा होतो. नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खांचांत कोंडलेली हवा फुसकन् बाहेर पडते, आणि टायरच्या पोकळींतील हवाही ढोलासारखी घुमते. शाळेचा सर्व वर्ग एका सुरांत पाढे म्हणूं लागला तर ते वेशीपर्यंत ऐकूं जातात. तींच मुलें आपापलें निरनिराळें पाठ करीत बसलीं तर नुसती गुणगुण ऐकूं येते. हुशार टायरवाले हीच युक्ति करतात. ते नक्षीचे ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात, म्हणजे सर्वांचा एक सूर लागत नाहीं. ज्या टायरची नक्षी जाडजूड व उघडी, तो चिखलांत चांगला, परंतु डांबरी सडकेवर गोंगाट करणारा. शिवाय रस्ताही बोलतो: जाड खडीचा डांबरी रस्ता, गुळगुळीत डांबर आणि सिमेंटचा रस्ता यांवर एकच टायर निरनिराळा वाजतो. तेव्हां आवाजाचा निवाडा त्याच रस्त्यावर व त्याच वेगानें करावा. पुढें कांहीं महिन्यांनीं आवाज वाढत गेला, तर टायरवर अलगद हात फिरवून पाहावा. ठोकळे करवतीच्या दांत्यांसारखे लागले तर चाकांची जुळणी बिघडली आहे किंवा टायरांची अदलाबदल वेळेवर झालेली नाहीं असें समजावें.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. टायरची किंमत दुकानांतील पावतीवर न मोजतां किलोमीटरवर मोजावी. समजा, चार टायर १६,००० रुपयांना आले व ४०,००० किलोमीटर चालले. दर किलोमीटरला ४० पैसे पडले. दुसरे चार २०,००० रुपयांना येऊन ५०,००० चालले. त्यांनाही ४० पैसेच पडले. पहिले स्वस्त व दुसरे महाग हा केवळ दृष्टिभ्रम. आतां यांत पेट्रोल मिळवा. लिटरला १०० रुपये भाव धरला तर आपल्या गाडीचा पेट्रोलखर्च किलोमीटरला सव्वासहा रुपये होतो, व त्याचे शेंकडा ३ म्हणजे सुमारें १९ पैसे. म्हणजे जड घरंगळणारा टायर स्वतःच्या किंमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम आणखी पेट्रोलमधून वसूल करतो, आणि तिची पावती कोणी देत नाहीं.

परंतु श्रोतेहो, इंधन, आवाज आणि आयुष्य या तिन्हींचा जमाखर्च मांडतांना एक चौथा गुण वहीबाहेरच राहतो. तो म्हणजे ओल्या रस्त्यावरील पकड. गंमत अशी कीं, जें रबर शक्ति वायां घालवितें तेंच ओल्या सडकेच्या बारीक खडबडीत चिकटून धरतें. आणि जें टणक रबर झिजत नाहीं तें पुष्कळदां निसटतें. एक गुण वाढवावा तर दुसरा घटावा, ही टायर बनविणाऱ्यांची जुनी अडचण आहे. १९९२ सालीं मिशेलिन या फ्रेंच कंपनीनें रबरांतील काजळीच्या बऱ्याचशा भागाऐवजीं सिलिका, म्हणजे वाळूच्या कुळांतील भुकटी, वापरलेला टायर बाजारांत आणला. त्यामुळें पकड राखूनही घरंगळणें हलकें करतां येऊं लागलें. परंतु ही विद्या महाग आहे. "पेट्रोलही वाचवितो, लाख किलोमीटरही चालतो आणि सर्वांत स्वस्तही" असा टायर कोणी पुढें केला, तर यानें कोणता गुण गहाण ठेवला आहे, हें विचारावें. बहुधा पकडच गहाण पडलेली असते. केंद्र सरकारनें २०२२ सालीं घरंगळण्याचा विरोध, ओली पकड आणि आवाज या तीन गोष्टींसाठीं टायरांना कसोट्या ठरवून दिल्या. पण त्या पार केलेल्या टायरांतही तर-तम राहतोच.

मग निवड कशी करावी? येथें आपला भूगोल कामास येतो. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, सांगलीस सुमारें ६०० मिलिमीटर. आणि या दोन ठिकाणांमधील प्रवास एका दिवसाचाही नाहीं. ज्या सातारकराची गाडी पावसाळ्यांत यवतेश्वरच्या घाटानें कासकडे किंवा वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीकडे चढते, त्यानें ओली पकड पहिली पाहावी व वर्षाचे दहावीस लिटर पेट्रोल त्या पकडीवरून ओंवाळून टाकावे. ज्या सांगलीकराची गाडी बहुतेक वर्षभर तासगांव, आष्टा, जत अशा सपाट व कोरड्या वाटेनें जाते, त्यानें हलकें घरंगळणें व दीर्घ आयुष्य यांना अधिक मान द्यावा. पण त्याचेंही कुटुंब श्रावणांत महाबळेश्वरास जात असेल, तर त्यानें पकडीला रजा देऊं नये.

कांहीं व्यवहाराच्या सूचना सांगतों. टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ असा मजकूर असतो; तो गाडीच्या पुस्तकाप्रमाणेंच असावा. शोभेसाठीं रुंद टायर घेतला तर बहुधा पेट्रोल आणि आवाज दोन्ही वाढतात. अंगावरील चार अंकी आंकडा जन्मतारीख सांगतो: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊं नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें विजेच्या उपकरणांप्रमाणें टायरांसाठींही ताऱ्यांची खूण काढली आहे, ती असल्यास पाहावी. मात्र तिच्या जोडीला ओल्या पकडीची चौकशी करावी. दोनच टायर बदलावयाचे असतील तर नवे मागें बसवावेत. पुष्कळांना हें उलट वाटतें. परंतु ओल्या वळणावर पुढचीं चाकें घसरलीं तर वेग कमी करून गाडी बहुधा सांवरतां येते, मागचीं घसरलीं तर ती गरकन् फिरते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय हवेचा. हवा दर महिन्याला, सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं टायर थंड असतांना तपासावी. आंकडा दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर असतो तो धरावा. टायरच्या अंगावर असते ती कमाल मर्यादा. चारी टायरांत एक पौंड हवा कमी झाली तर इंधन शेंकडा ०.२ नें अधिक जातें. म्हणजे सहा पौंड कमी असल्यास सुमारें शेंकडा सव्वा. हवा कमी तर कडा झिजतात, अधिक तर मधला पट्टा झिजतो. हवामान पांचसहा अंशांनीं उतरलें कीं टायरमधील दाब सुमारें एक पौंड उतरतो. म्हणून वैशाखांत भरलेली हवा मार्गशीर्षांत तशीच आहे असें मानूं नये. वैशाखांतल्या उन्हांत कमी हवेचा टायर भरधांव चालविणें तर धोक्याचेंच: चेपणें वाढतें, उष्णता वाढते, आणि टायर फुटतो.

सारांश, नव्या टायरनें मायलेज थोडें उतरणें हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. तें कां उतरलें तें मोजून पाहावें, आणि पुढच्या वेळीं दुकानांत किंमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: घरंगळतो कसा, वाजतो किती, आणि पावसांत धरतो कसा? गाडी केवढीही मोठी असो, ती रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. त्या चार जागांवर घरचीं सर्व माणसें बसलेलीं असतात. पेट्रोल वांचविणें हें गृहस्थाचें कर्तव्यच आहे. पण त्या हिशेबांत माणसांची जमा आधीं धरावी व लिटर मागाहून मोजावे, एवढीच माझी विनंती आहे.