उंबरठा ओलांडण्याचे बळ

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



आरोग्यसेवा म्हटली की दवाखाना, डॉक्टर आणि औषध यांचे चित्र आपल्यापुढे उभे राहते. परंतु रुग्ण घरी परतल्यावर त्याचे पुढील आयुष्य काठी, कुबडी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र अशा साध्या साधनांवर अवलंबून असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आपल्या जिल्ह्याला या विचाराचा वारसा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान देणाऱ्या या प्रकल्पाच्या कार्यशाळेत पुढे जयपूर पायही तयार होऊ लागले. हा पाय लावून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात उतरता येते. साधन माणसाच्या राहणीशी जुळले, म्हणूनच ते उपयोगी ठरले.

याच्या उलट अनुभवही सांगतो. एका वृद्धेला मिळालेला वॉकर मी कोपऱ्यात पाहिला; त्यावर धुणे वाळत होते. "उंबरठ्यावरून तो जात नाही, बाबा. मोरीपर्यंत जायचे तरी सुनेला हाक मारावी लागते," ती म्हणाली. साधन होते, स्वावलंबन मात्र नव्हते. उंबरठ्याला फळीचा उतार आणि मोरीच्या भिंतीला एक लोखंडी दांडा, एवढ्याने तिचे काम भागले असते.

2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 60 वर्षांवरील गरजू ज्येष्ठांसाठी काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने विनामूल्य देण्याची तरतूद झाली. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकवेळ 3,000 रुपये देऊ केले. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असाही दंडक आहे.

पण वाटपाच्या दिवशी आपले कर्तव्य संपत नाही. महिन्याभराने त्या घरी पुन्हा जावे. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल, तर आधाराची काठीच माणसाला पाडते. कुबडीची उंची जुळते का, श्रवणयंत्राचे सेल संपले आहेत का, हे विचारावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील आजी-आजोबांची अडचण न्याहाळावयास सांगावे.

किती साधने वाटली, हा आकडा अहवालात येतोच. त्यांपैकी किती रोज वापरात आहेत, याचीही नोंद आपण ठेवू या. त्या नोंदीतूनच आपल्या कामाचे खरे मोल कळेल.