पाठविलेला अर्ज आणि राहिलेली चूक



सुटलेला बाण परत येत नाही, तसाच पाठविलेला अर्जही, असे आपण म्हणतो. बाणाचे खरे असेल. अर्जाचे तितकेसे खरे नाही.

आज आपल्या शिरपुरातील कितीतरी मुलेमुली सेवाकेंद्रात जाऊन अर्ज भरतात. बोटे दुसऱ्याची चालतात, चूक मात्र अर्जदाराच्या पदरी पडते. बिहारमध्ये पोलीस शिपायाच्या भरतीत एका उमेदवाराचे असेच झाले. जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७, अर्जात पडली ८ डिसेंबर. परीक्षा उत्तीर्ण होऊनही दाखला जुळेना, म्हणून तो बाद ठरला. २ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. चूक क्षुल्लक होती आणि तिच्यापासून त्याला काडीचा लाभ नव्हता. पण एका आकड्यापायी त्याला दिल्लीपर्यंत जावे लागले, हेही विसरू नका.

म्हणून चूक दिसताच प्रथम तिची जात ओळखावी. वेलांटी चुकली असेल तर स्वस्थ राहावे. दहा पत्रे पाठवून तिचा डांगोरा पिटू नये. नाव, तारीख, गुण, प्रवर्ग यांत चूक असेल तर दुरुस्तीची मुदत आहे का ते पाहावे. नसेल तर चार ओळींचे पत्र लिहावे: अर्जक्रमांक, काय लिहिले गेले, काय हवे होते, सोबत दाखल्याची प्रत. रडगाणे नको. पोच मात्र जपून ठेवावी.

तिसरी जात अवघड. चूक आपल्याच फायद्याची असते ती. तरुणपणी एका अर्जात माझ्या हातून ५८ टक्क्यांचे ६८ झाले. मित्र म्हणाले, गप्प राहा. वडील म्हणाले, "काल ती चूक होती. आज तुला कळली. उद्या गप्प बसलास तर ती लबाडी होईल." मी पत्र टाकले. ती नोकरी मला मिळाली नाही.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीत गुन्ह्याची माहिती दडविणाऱ्याची नेमणूक रद्द करण्याचा अधिकार मान्य केला. क्षुल्लक बाब पोटात घालण्याची मुभाही ठेवली. वडिलांना कायदा ठाऊक नव्हता. पण चूक आणि लबाडी यांतली सीमा त्यांना नेमकी ठाऊक होती.

नोकरी पुढे दुसरी मिळाली. त्या पत्राची पोच अजून माझ्या पेटीत आहे.